आठीची जागा

दोरेबाई हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं. डिसेक्शन हॉलमध्ये मृतदेहाच्या चेहऱ्यावरचा एकेक स्नायू मोकळा करून बाई त्याला रंगीत दोरा बांधायच्या आणि समोरच्याला म्हणायच्या, "ओढ." तो दोरा ओढायचा आणि मेलेल्या माणसाची भुवई जराशी वर जायची, नाहीतर ओठाचा कोपरा हलायचा. पहिल्या वर्षाची पोरं दोन पावलं मागे सरकायची. "घाबरू नका, तो तुम्हाला हसत नाहीये," बाई म्हणायच्या. "तुम्हीच त्याला हसवलंत."

एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. प्राध्यापकाची खुर्ची काही वाट्याला आली नाही. दर वेळी कोणीतरी जाड शोधनिबंधवाला यायचा आणि बाई टाळ्या वाजवणाऱ्यांच्या रांगेत बसायच्या. निवृत्तीच्या दिवशी त्यांना भिंतीवरचं एक घड्याळ आणि दोन भाषणं मिळाली, आणि त्यांतल्या एका भाषणात त्यांचं नावही चुकलं. घरी एकट्याच होत्या. लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. जवळचं म्हणावं असं माणूस एकच, धाकटा भाऊ. तो जन्मापासून ठार बहिरा. दोन गल्ल्या सोडून बायकोबरोबर राहायचा आणि छापखान्यात पुस्तकांच्या बांधणीचं काम करायचा. त्याची मुलगी लग्न होऊन लांब गेली होती.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. हा आता त्वचेच्या मोठ्या दवाखान्याचा संचालक झाला होता. डॉक्टरांना सुरकुत्यांवरची इंजेक्शनं शिकवायचे वर्ग तो भरवायचा.

"मॅडम, चेहऱ्याचे स्नायू तुमच्याइतके कोणाला येतात? या ना शिकवायला."

इंजेक्शन होतं बोटुलिनमचं. हे जहाल विष अगदी कणभर मात्रेत स्नायूत टोचलं की तेवढा स्नायू तीन-चार महिने ढिला पडतो आणि त्याच्यावरची सुरकुती विरते. बाईंनी पूर्वी कधी त्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. पण 'तुमच्याइतके कोणाला येतात' हे वाक्य त्यांना कोणी कधी ऐकवलंच नव्हतं. त्या हो म्हणाल्या.

त्यांनी दोन दिवसांचा अभ्यासक्रम आखला. संचालकानं तो एका दिवसाचा केला, मग दीड तासाचा. "लोक दवाखाने बंद ठेवून येतात हो मॅडम. त्यांना कुठे टोचायचं तेवढं हवं असतं."

"कुठे टोचायचं हे प्रत्येक चेहऱ्याला वेगळं असतं रे. हातापायाचे स्नायू हाडाला हाडाशी बांधतात. चेहऱ्याचे हाडापासून निघून कातडीत शिरतात. कोणाचा रुंद, कोणाचा आखूड, कोणाचा एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नावालाच. बोट ठेवून, आठी घालायला लावून, हाताला लागला की मगच सुई."

"तेच तर! तेच एका तक्त्यावर आणू या."

तक्ता झाला. एक सुंदर, वय नसलेला चेहरा आणि त्यावर लाल ठिपके. बाईंनी ठिपके मारून दिले आणि खाली चार ओळी लिहिल्या: डोळ्याच्या खोबणीचं हाड आधी बोटानं चाचपा, त्याच्यावर एक सेंटीमीटर जागा सोडा, त्याच्या खाली जाऊ नका, कारण खाली पापणी उचलणारा स्नायू आहे. छापून आलेल्या तक्त्यावर ठिपके होते, बाईंचं नाव ठळक होतं, चार ओळी मात्र नव्हत्या. संचालक म्हणाला, "मजकूर फार झाला की तक्ता कोणी बघत नाही मॅडम. त्या ओळी तुम्ही तोंडी सांगालच की."

बाईंना ते खटकलं. पण तक्ता चकचकीत होता, आणि एकतीस वर्षांत त्यांचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत कुठेच छापलं गेलं नव्हतं. त्यांनी एक तक्ता घरी नेला. खटकलेलं आपोआप मागे पडलं.

वर्गात दुपारी जिवंत माणसांवर इंजेक्शन द्यायचं होतं आणि त्यासाठी माणसं हवी होती. बाईंनी भावजयीला विचारलं.

भावजय चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमी बसवायच्या, "इकडे बघा, आता खाली बघा" म्हणायचं. तिच्या दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या खोल रेघा होत्या, कोणी नखानं ओरखडल्यासारख्या. गिऱ्हाईकं विचारायची, "ताई, रागावलात का?" मालकानं तर एकदा हसत हसत सांगितलं होतं, "तुम्ही काच पुसायला मागे बसा, पुढे जरा हसरं माणूस बसू दे." हसत हसत बोललेलं तिला फार लागलं होतं.

"काही होणार नाही ना हो ताई?"

"अगं मी आहे ना तिथे! माझाच वर्ग आहे."

त्या रेघा कशानं पडल्या हे बाईंच्या डोक्यातही आलं नाही. यायला हवं होतं. भावाच्या खुणांची भाषा घरात सगळ्यात आधी बाईच शिकल्या होत्या. हात काय ते सांगतात, पण वाक्य सांगायचंय की विचारायचंय हे भुवया ठरवतात. 'जेवलास' ही खूण भुवया वर करून केली तर 'जेवलास का?' आणि चेहरा सरळ ठेवला तर 'तू जेवलास' एवढंच. काय, कुठे, का, कोण, यांना भुवया जवळ ओढायच्या. भावजय अठ्ठावीस वर्षं नवऱ्याला दिवसातून शंभर वेळा काय, कुठे, का विचारत आली होती, आणि त्या रेघा त्याच प्रश्नांच्या होत्या. भावानं तिचं खुणेतलं नावही तेच ठेवलं होतं: तर्जनीनं दोन भुवयांच्या मधे टकटक. सासरी आली त्या आठवड्यात ठेवलं. तेव्हा तिथे रेघा नव्हत्या, नुसती आठी पडायची.

वर्गाच्या दिवशी बाईंनी जीव तोडून शिकवलं. "भुवई वर उचलणारा स्नायू एकच, कपाळाचा. खाली ओढणारे चार. तो एकटा चौघांशी भांडतोय हे लक्षात ठेवा." काहींनी वहीत लिहिलं, बरेच जण तक्त्याचा फोटो काढून मोबाइल बघत बसले. एक डॉक्टर तर बाईंचं बोलणं संपता संपता आला. केस नीट बसवलेले, हातात कॉफीचा कप. आल्या आल्या हजेरीच्या कागदावर सही करून तो मागच्या रांगेत बसला. दुपारी भावजयीच्या खुर्चीपाशी नेमका त्याचाच नंबर लागला.

बाई चार हातांवर उभ्या होत्या. त्यानं समोर तक्ता टेकवला, तक्त्याकडे बघितलं, भावजयीकडे बघितलं. बोट लावलं नाही, आठी घालायला सांगितलं नाही. डाव्या भुवईपाशी सुई गेली ती खाली गेली. पेन्सिलीच्या रुंदीएवढी असेल, पण खाली गेली. बाईंना ते इतकं स्वच्छ दिसलं की त्यांची स्वतःची डावी पापणी लवली.

तेवढ्यात बोलता आलं असतं. "थांबा" या शब्दाला किती वेळ लागतो? पण संचालक शेजारी उभा होता, मागे फलकावर बाईंचं नाव होतं, कोणीतरी चित्रण करत होतं. आपल्याच वर्गात, आपल्याच तक्त्यासमोर, भर लोकांत ओरडायचं कसं, असं त्यांच्या मनात आलं. ते मनात येईपर्यंत सुई बाहेर आली होती. त्यानं कपाळावरही भरपूर टोचलं. भावजय खुर्चीतून उठली आणि बाईंना म्हणाली, "मुंगी चावल्यासारखं वाटलं फक्त."

"हो," बाई म्हणाल्या. "तसंच वाटतं."

पाच दिवस काही झालं नाही. सहाव्या दिवशी सकाळी भावजयीची डावी पापणी खाली आली. डोळा अर्धा झाकला. कपाळ तर आरशासारखं झालं होतं. ती भुवया वर न्यायला बघायची आणि काहीच व्हायचं नाही. रेघा खरोखरच गेल्या होत्या.

बाई तिला घेऊन संचालकाकडे गेल्या. त्यानं टॉर्च मारून पाहिलं. पापणी जराशी उचलणारे थेंब लिहून दिले.

"होतं असं कधी कधी, मॅडम. पापणी दीड-दोन महिन्यांत आपोआप येईल, कपाळ तीन-चार महिन्यांत. फॉर्मवर लिहिलेलंच होतं ना." मग भावजय बाहेर जाऊन बसल्यावर आवाज खाली करून म्हणाला, "आणि खरं सांगू? तो डॉक्टर म्हणतो, तक्त्यावर ठिपका जिथे होता तिथेच त्यानं टोचलं. ठिपके तुमचे आहेत."

"माझ्या चार ओळी तू काढल्यास."

"तुम्ही पाहिला होता तक्ता. काही म्हणाला नाहीत."

त्यात खोटं काही नव्हतं.

"तक्ता मागे घे," बाई म्हणाल्या.

"तुमचं नाव काढतो हवं तर." आणि त्यानं लगेच तसं कुणालातरी फोनवर सांगूनही टाकलं. पुढच्या वर्गाला तक्ता तोच होता, ठिपके तेच होते, फक्त बाईंचं नाव नव्हतं.

घरात मात्र जे व्हायचं ते व्हायला लागलं. भावजय खूण करायची 'गॅस बंद केला', म्हणजे विचारायची, केलास का? भावाला वाटायचं, ती सांगतेय की केला. एकदा दुधाचं पातेलं जळून काळं ठिक्कर पडलं. तिला वाटायचं हा मुद्दाम उत्तर देत नाही, त्याला वाटायचं ही विचारतच नाही. पहिल्या आठवड्यात दोघं हसले. तिसऱ्या आठवड्यात हसायचं थांबलं.

मग छापखान्यात बांधणीचं नवीन यंत्र आलं आणि मालकानं भावाला सांगितलं की महिनाअखेरीपासून तुझी गरज नाही. बावीस वर्षांची नोकरी. भाऊ घरी आला आणि दारातच उभा राहून त्यानं बायकोला हातांनी सगळं सांगितलं. यंत्र. मालक. संपलं. भावजय हादरली. तिनं विचारलं, "का?" पण ते तिच्या हातांनीच विचारलं. कपाळ गुळगुळीत, डावा डोळा अर्धा मिटलेला. झोप आलेल्या माणसानं 'का बुवा' म्हणावं तसं ते दिसलं.

भाऊ तसाच मागे फिरला आणि बहिणीकडे आला.

"मी सांगत होतो," त्यानं खुणांनी सांगितलं, "आणि ती पेंगत होती."

"तिच्या हातात नाहीये ते," बाई त्याला समजावत राहिल्या. त्यांनी त्याला कागदावर भुवई काढून दाखवली, स्नायू काढून दाखवला, तो कसा ढिला पडलाय ते दाखवलं. आयुष्यभर शिकवण्यात गेलं होतं, त्यामुळे शिकवलं छान. "तिला आतून तसंच वाटतंय. बाहेर येत नाहीये इतकंच."

भावानं सगळं नीट बघून घेतलं. मग खुणेनं म्हणाला, "मला कळतं. डोळ्यांना कळत नाही."

आणि त्यानं तर्जनी उचलली, आपल्या दोन भुवयांच्या मधे टेकवली, बायकोचं नाव घेतलं आणि तळहात उघडून रिकामा दाखवला.

तो दोन दिवस बहिणीकडेच राहिला. तिसऱ्या दिवशी भावजय त्याला न्यायला आली. तो अंघोळीला गेला होता. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"ताई, एक विचारू? तो डॉक्टर टोचत होता तेव्हा तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. मी बघितलं होतं तुमच्याकडे. तुम्हाला दिसलं होतं का, चुकतंय ते?"

खोटं बोलायला बाईंना पुरेसा वेळ होता. सुईच्या वेळेपेक्षा जास्तच होता.

"हो," त्या म्हणाल्या. "दिसलं होतं."

"मग?"

"नाही बोलले. लोक होते सगळे. माझं नाव होतं तिथे."

भावजय बघत राहिली. बाईंनी तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. हजार चेहरे त्यांनी कातडी सोलून वाचले होते. या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. डावी पापणी लोंबत होती, उजवा डोळा कोरडा होता, कपाळ शांत, एखाद्या समाधानी बाईचं असावं तसं.

"मला राग आलाय," भावजय म्हणाली. "चेहऱ्यावर दिसणार नाही म्हणून तोंडानं सांगतेय. खूप राग आलाय, ताई."

भाऊ केस पुसत बाहेर आला. दोघं गेली. पायऱ्या उतरताना भावजयीनं मोबाइल काढला, काहीतरी टाइप केलं आणि त्याच्यासमोर धरला. त्यानं वाचलं, आपला मोबाइल काढला, उत्तर टाइप केलं. खिडकीतून बाईंना ते दिसत होतं. एका हाताच्या अंतरावरून दोघं एकमेकांना मेसेज पाठवत गल्लीतून गेली.

पुढे तेच अंगवळणी पडलं. जेवताना ताटाशेजारी दोन मोबाइल. प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह, आणि गैरसमजाला जागाच नाही. भावाला दुसऱ्या एका छापखान्यात काम मिळालं, पाकिटं मोजायचं. मन लागत नव्हतं, पण मिळालं. तो बहिणीकडे यायचा तेव्हाही आता हात फारसे उचलायचा नाही. बाई खुणेनं बोलल्या तर तो मोबाइलवर उत्तर द्यायचा, नकळत, सवयीनं.

सात आठवड्यांनी पापणी वर आली. चौथ्या महिन्यात कपाळ जागं झालं, आणि एके दिवशी भावजयीनं नवऱ्याला विचारलं, "कुठे निघालास?" भुवया जवळ ओढून, नेहमीसारखं. भावानं बघितलंच नाही. तो खिशातला मोबाइल थरथरायची वाट बघत बूट घालत होता. हे भावजयीनंच बाईंना सांगितलं, आणि तेही आपणहून फोन करून. चार महिन्यांत तिनं पहिल्यांदाच फोन केला होता.

"ताई, परवा मोकळ्या आहात? माझ्याबरोबर यायचंय."

"कुठे?"

"परत घ्यायचंय इंजेक्शन. दुसऱ्या ठिकाणी, एक बाई डॉक्टर आहे तिच्याकडे."

बाईंना आधी आपण नीट ऐकलं नाही असं वाटलं. "अगं, वेड लागलंय का तुला? आता कुठे सगळं परत आलंय!"

"परत येऊन काय करू त्याचं? तो बघतोय कुठे? दुकानात पापणी बरी झाल्यापासून मला परत पुढे बसवलंय. माणसं विचारत नाहीत आता, रागावलात का म्हणून. कालपासून रेघा परत दिसायला लागल्यात तर मालक बघतोय कपाळाकडे." मग ती म्हणाली, "घरी ज्याच्यासाठी कपाळ होतं त्याला आता नकोय. मग निदान जिथे बघतात तिथे तरी बरं दिसू दे."

"मी कशाला हवी?"

"जागा दाखवायला. आणि या वेळी बोलाल ना, म्हणून."

बाई गेल्या. नाही म्हणायला त्यांना तोंड नव्हतं. डॉक्टर तरुण होती, घाई नव्हती तिला. बाई चेहऱ्याचे स्नायू शिकवायच्या हे कळल्यावर तिनं खुर्ची ओढून दिली. म्हणाली, "तुम्हीच दाखवा ना, मॅडम."

भावजय डोळे मिटून खुर्चीत टेकून बसली. बाईंनी हात धुतले, पुसले आणि तिच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं. हाड लागलं. बोट वर सरकवलं.

"आठी घाल."

भावजयीनं आठी घातली. बोटाखाली स्नायू उठला, घट्ट, जिवंत, बाईंनी एकतीस वर्षं ज्याला निळा दोरा बांधला तोच. तो नाकाच्या मुळाशी हाडातून निघून वर, बाहेर जात कातडीत शिरत होता. त्याचा जोर बाईंच्या बोटाला चांगला जाणवत होता. अठ्ठावीस वर्षं काय, कुठे, का विचारून तो एखाद्या दंडासारखा भरला होता.

"इथे," बाई म्हणाल्या. "याच्या खाली नाही." आणि मग डॉक्टरची सुई जवळ आली तेव्हा परत, गरज नसताना, जरा मोठ्यानंच, "खाली नाही."

"नाही मॅडम," डॉक्टर म्हणाली. "दिसतंय मला."

पाच ठिकाणी टोचून काम झालं. कुठे काही चुकलं नाही. भावजयीनं आरशात पाहिलं, कपाळावरचे रक्ताचे बारीक ठिपके कापसानं टिपले, पर्समधून कंगवा काढून केस सारखे केले.

"तुम्ही घरी जाता ना? मी इथूनच दुकानात जाते."

"जेवायला येता का रविवारी दोघं?"

भावजयीनं पर्स बंद केली. "त्याला मेसेज करून बघा," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. बाई थोडा वेळ तिथेच बाकावर बसून राहिल्या, मग डॉक्टरनं पुढच्या पेशंटला आत बोलावलं तेव्हा उठल्या.